दीड इंची टायर आणि आपल्या मागची पाणंद

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं होतं, "काका, तुम्ही सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास लिहा." स्थापनेचा इतिहास म्हणजे नोंदणी, कन्व्हेयन्ससाठी घातलेले हेलपाटे, बोअरवेल आणि टँकर. तो दुसऱ्या दोघा सभासदांनी लिहिला आहे आणि माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे. मी सायकलच्या टायरवर लिहिणार आहे. हसू नका. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतली एक गोष्ट या टायरखालून जाते. ती इतिवृत्तात दोन ओळींत आटोपली आहे आणि त्या दोन ओळींखाली खजिनदार म्हणून माझीही सही आहे.

निमित्त नातवाचं. गेल्या श्रावणात तो एक सायकल घेऊन आला. हँडल रेसिंगच्या सायकलसारखं खाली वळलेलं, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, आणि टायर बारीक पण खाचांचे. म्हणाला, "आजोबा, ही सायक्लोक्रॉसची सायकल. मी हिच्यावर मारुंजीच्या टेकडीवर जाणार." संध्याकाळी पार्किंगमध्ये ज्येष्ठांची बैठक बसते तिथे लगेच चर्चा झाली. एकाचं म्हणणं, टेकडीवर जायचं तर जाडजूड टायरची ती डोंगरी सायकल हवी, हे काडीसारखे टायर मुरमात घसरणार. दुसऱ्याचं म्हणणं, दात पडणार. नातू ऐकून घेत होता. मी घरात जाऊन शिंप्याची टेप आणली आणि टायर मोजला. तेहतीस मिलिमीटर भरला.

मग मी त्यांना म्हटलं, अहो, आपण सगळे ज्या काळ्या सायकलवर वाढलो तिचा टायर किती होता? अठ्ठावीस गुणिले दीड. अठ्ठावीस इंचांचं चाक, दीड इंचाचा टायर. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. नातवाच्या आणि आपल्या टायरमध्ये फरक पाच मिलिमीटरचा, म्हणजे दोन रुपयांची दोन-तीन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढा. आणि त्या दीड इंचावर हा अख्खा मुळशी तालुका खडीच्या, मुरमाच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवर फिरत होता. कोणाला वाटलंही नाही की आपण काही विशेष करतो आहोत.

त्या रात्री नातवाबरोबर बसून मी या खेळाची माहिती काढली. मूळ फ्रान्समधलं. हिवाळ्यात शर्यती बंद असताना शर्यतवीर शेतांतून, कुंपणं ओलांडून, चिखलातून एका गावाहून दुसऱ्या गावाला सायकली हाकत. सायकल चालेनाशी झाली की ती खांद्यावर घेऊन पळायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. १९०२ मध्ये तिथे याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० साली टूर द फ्रान्स प्रथमच पिरेनीजच्या उंच घाटांवरून गेली. ती ऑक्टाव्ह लापीझ याने जिंकली आणि श्रेय हिवाळ्यातल्या या चिखलातल्या सरावाला दिलं. पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. आज आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने शर्यतीतला टायर तेहतीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. म्हणजे बारीक टायर हा या खेळाचा नियमच आहे.

आता ध्यानात घ्या, हवेचा टायर डनलपने बेलफास्टला १८८८ मध्ये तयार केला, तोही मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगात डांबरी रस्ते नावालाच होते. सायकल जन्मली तीच मुळी कच्च्या रस्त्यावर. "ऑफ-रोड" हा शब्द नंतरचा. आधी रोडच नव्हता, तर ऑफ कशाचा?

आपल्याकडचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. तिघं वाटेत थांबले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघं पृथ्वीप्रदक्षिणा करून मार्च १९२८ मध्ये परत आले. चव्वेचाळीस हजार मैल. इराण, इराक, पुढे सिरियाकडचं वाळवंट, सिनाई, सगळं साध्या सायकलींवर, गिअर नसलेल्या. मी बँकेत असताना त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. शाळेत कोलंबस दोनदा शिकवला आणि हे तिघं एकदाही नाहीत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पुढे सायकल इथेच बनू लागली. मद्रासला टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलस, लुधियान्याला हिरो, आणि आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकल. कंपन्या वेगवेगळ्या, पण सायकल जवळजवळ एकच: इंग्लंडची जुनी रोडस्टर. पुढच्या चाकाला बत्तीस आरे, मागच्याला चाळीस. ब्रेक तारेचा नाही, सळईचा. आणि टायर तोच, अठ्ठावीस-दीड. या मापाची रिम ६३५ मिलिमीटरची असते. नातवाच्या सायकलची ६२२ ची आहे, म्हणजे आपली जुनी चाकं त्याच्यापेक्षा मोठीच होती. चाक जितकं मोठं तितकं ते दगडावर सहज चढतं, खड्ड्यात कमी अडकतं. ॲटलसचा शेवटचा मोठा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हे वर्तमानपत्रात वाचून मी तो अंक ठेवून दिला आहे.

पुण्यात मी सायकलवर वाढलो, सगळेच वाढले. महापालिकेचा बिल्ला, डबल सीट पकडणारा पोलीस, रात्री दिव्याऐवजी हातात धरलेली बॅटरी हे सगळं आपल्या वयाच्या मंडळींना तोंडपाठ आहे, त्यावर पानं घालवत नाही. पण पुण्याची सायकल डांबरावरची. कच्च्या रस्त्याची सायकल मला बँकेने शिकवली.

१९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँका खेड्यात निघाल्या. मी ७२ साली नोकरीला लागलो आणि ७९ मध्ये मुळशी तालुक्यातल्या एका शाखेत कृषिकर्जांचा अधिकारी म्हणून आलो. शाखेला जीप नव्हती. एक मोटारसायकल होती, ती मॅनेजर साहेबांची. मी घरची सायकल एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आलो. माण, मारुंजी, नेरे, जांबे, कासारसाई ही माझी गावं. पीक पाहणी, विहिरीची पाहणी, म्हशीची पाहणी. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असे, तो नंबर वहीत उतरवून घ्यायचा. एकदा म्हशीने वहीच खाल्ली, पण तो विषय वेगळा.

डांबर संपलं की रस्ता बैलगाडीचा. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, दोनेक बोटं रुंदीची. वर्षानुवर्षं त्या धावेने माती कापून दोन चर पडतात, त्याला चाकोरी म्हणतात. मधला भाग उंच राहतो, त्यावर गवत. सायकल चाकोरीतून चालवली तर बारीक टायर बरोबर बसतो, पण चाकोरी खोल असेल तर पायडल बाजूला आपटतं आणि माणूस आडवा होतो. मधल्या पट्टीवरून चालवली तर दगड लागतात, पण पायडल मोकळं. मी पहिल्या आठवड्यात तीनदा पडलो. "चाकोरी सोडू नका" हे आमचे मराठीचे सर सांगायचे, त्यांनी मुळशीत सायकल चालवली नसावी.

पावसाळ्याचा धडा वेगळा. इथे वर चिकण माती आणि खाली मुरूम. मातीचा थर बोटभर असेल तर बारीक टायर तो कापून खालच्या मुरमापर्यंत जातो आणि पकड मिळते. जाड टायर अशा ठिकाणी वरच्यावर तरंगतो आणि घसरतो. पार्किंगमधल्या मंडळींना हेच पटत नव्हतं. उलट ओढ्याच्या वाळूत बारीक टायर रुततो, तिथे उतरावंच लागतं. आणि भातखाचराजवळची काळी चिकट माती असेल तर ती चाकाबरोबर वर येते, मडगार्डात भरते आणि चाक जाम होतं. त्यासाठी दूधवाले पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढून ठेवत आणि कॅरिअरला एक काडी खोचून ठेवत, माती उकरायला. नातवाच्या सायकलला मडगार्ड का नाही आणि चाक व फ्रेममध्ये एवढी मोकळी जागा का, याचं उत्तर फ्रान्समध्ये शोधायला नको.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं ते मारुंजीचे एक दूधवाले. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही मामाच म्हणतो. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही.

१९७२ पासून बँकांची एक योजना होती, भेददर्शी व्याजदराची, आम्ही तिला डी.आर.आय. म्हणत असू. अगदी गरिबाला चार टक्के व्याजाने कर्ज. १९८१ मध्ये मामांना मी त्या योजनेतून सायकलसाठी कर्ज दिलं. डबल दांडीची सायकल, जाड स्टँड, मोठं कॅरिअर. कर्जाला तारण म्हणून तीच सायकल बँकेकडे नजरगहाण. सीटच्या खाली फ्रेमवर ठोकलेला नंबर मी कंदिलाच्या उजेडात वाचून कागदावर उतरवला. दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे दोन कॅन. दूध चाळीस किलोच्या वर, कॅनचं वजन वेगळं, मामा वेगळे. हे सगळं दीड इंची दोन टायरवर, पहाटे चारला, अंधारात, पाणंदीतून.

मामांची युक्ती अशी: मागच्या चाकात हवा दगडासारखी, कारण ओझं तिथे, हवा कमी पडली तर खडा लागून रिम ट्यूब चावते. पुढच्या चाकात पावसाळ्यात जरा कमी. नातू पंपाच्या काट्यावर आकडा बघतो, मामा अंगठ्याने दाबून बघायचे. टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा, गेटर, लावायचा आणि पुढे सहा महिने काढायचे. सराट्यांच्या दिवसांत पंक्चर रोजचंच. आणि ओढ्याला पाणी असलं की कॅन एकेक करून पलीकडे नेऊन ठेवायचे आणि मग सायकल खांद्यावर घेऊन यायचं. नातवाने मला मोबाइलवर बेल्जियममधल्या शर्यतीचं चित्रण दाखवलं. त्यात खेळाडू उजव्या खांद्यावर सायकल अडकवून, एका हाताने हँडल धरून चिखलातून चढतात. मी म्हटलं, थांब, पुन्हा दाखव. पकड तीच होती.

मामांनी कर्ज मुदतीआधी फेडलं. माझ्या त्या शाखेतल्या चार वर्षांत अशी फार थोडी खाती झाली, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

ज्या पाणंदीतून मामा जात ती आज आपल्या मागच्या भिंतीपलीकडे आहे. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या बांधांमधून जाणारी शेतांची वाट. गावनकाशावर ती तुटक रेघांनी दाखवलेली आहे. मी ती नकाशावर पाहिली होती, कारण कर्जाच्या कागदांबरोबर सातबारा आणि नकाशा मीच तपासत असे. मी स्वतः तिच्यावरून सायकल चालवली होती. एका बाजूला आंबेमोहोराची खाचरं, दुसऱ्या बाजूला बाभळी.

पुढे काय काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कासारसाईला साखर कारखाना आला, ऊस आला. लाकडी चाकाच्या गाड्या गेल्या, टायरगाड्या आल्या, मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या चाकाने वाटेला हात-हात रुंदीचे चर पडतात आणि त्यात पाणी साठतं. ती वाट सायकलच्या कामाची राहत नाही. नव्वदीच्या शेवटी शेजारी हिंजवडीत आयटी पार्क उभा राहिला. मग डंपर. २००१ मध्ये आपली सोसायटी नोंदली गेली. मी निवृत्तीच्या पैशाचा हिशेब मांडून इथे फ्लॅट घेतला, आणि पहिल्याच सकाळी दारात दूध घेऊन कोण आलं, तर मामा! केस पांढरे, सायकल तीच. फ्रेम तीच म्हणतो मी. चाकं, चेन, सीट सगळं बदललेलं. "सायब, तुमचीच सायकल," असं म्हणाले. नजरगहाण सुटून अठरा वर्षं झाली होती.

२००९ मध्ये सोसायटीत लागोपाठ चोऱ्या झाल्या. दोन मोटारसायकली, पंपाची केबल. विशेष सर्वसाधारण सभा झाली आणि मागच्या बाजूने सलग सहा फुटी भिंत बांधायची ठरली. तोवर तिथे तारेचं कुंपण आणि एक फट होती. पाणंदीतून येऊन मामा त्या फटीतून आत येत. इतिवृत्तात आहे: "मागील बाजूस संरक्षक भिंत बांधणे, एकमताने मंजूर." भीती खरी होती, हे मी आजही म्हणतो. रात्रपाळीच्या मुली उशिरा येत, त्यांच्या आईवडिलांना घोर असे. पण त्या सभेत पाणंद नावाची वाट तिथे आहे आणि तिच्यावरून माणसं जातात, हे ठाऊक असलेला मी एकटा होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम १४३, बांधावरून जाण्याच्या हक्काचं, मला पाठ होतं. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागायची सोय १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्यात आहे, हेही ठाऊक होतं. भिंत आपल्या हद्दीत होती, तेव्हा कायद्याने आपण चुकलो असं कोणी म्हणू शकलं नसतं. तरी लहानसं दार ठेवा, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. निविदा तीन मागवल्या, सगळ्यात कमी दराची घेतली आणि चेकवर सही केली.

मामांना पाणंदीने आपल्या दारापर्यंत किलोमीटरभराच्या आत अंतर होतं. भिंतीनंतर गावातून मोठ्या रस्त्याने साडेतीन किलोमीटर झालं. डांबरी, गुळगुळीत रस्ता, आणि त्यावर डंपर. तिथे सायकलवाल्याला डांबराच्या कडेला खाली उतरावं लागतं. ती कडा चार-पाच बोटं उंच असते, आणि बारीक टायर तिरका लागला की चाक तिथेच वळतं. आयुष्यभर चिखलात न पडलेला माणूस चांगल्या रस्त्याच्या कडेला पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा कॅन दाराशी उपडे ठेवले होते. मामा चिडले नाहीत. चहा दिला. निघताना एवढंच म्हणाले, "सायब, तुमाला तर वाट ठाव व्हती." त्यानंतर आपल्याकडे पिशवीचं दूध सुरू झालं.

ही गोष्ट मी सोळा वर्षं कोणाला सांगितली नाही. नातवाने सांगायला लावली. टेकडीवर जायला वाट शोधताना त्याने उपग्रहाच्या चित्रात आपल्या भिंतीपलीकडे एक हिरवी रेघ पाहिली आणि विचारलं, "आजोबा, हे काय आहे?" मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं मोठ्या रस्त्याने वळसा घालून तिथे गेलो. माझी सायकल आता राहिलेली नाही, मी चालत. तो चालवत. निम्म्याहून जास्त पाणंद अजून आहे. एका ठिकाणी राडारोडा टाकलाय, एका ठिकाणी कोणीतरी तार ओढली आहे. तिथे तो उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि पलीकडे गेला. मी मागून बघत होतो. टायरचा माग ओल्या मातीत दीड इंचाहून थोडा कमी उमटला होता.

यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. त्यासाठी रस्ते नवे केले, आपण सगळे टाळ्या वाजवायला उभे होतो. ती गर्दी पाहून मला जरा धीर आला आणि मी कार्यकारिणीला अर्ज दिला. मागच्या भिंतीत, जुन्या फटीच्या जागी, कुलपाचं जाळीचं दार करावं, पहाटे पाच ते रात्री नऊ उघडं, चौकीदाराच्या कॅमेऱ्यात दिसेल असं. एकवीस सभासदांच्या सह्या आहेत. विरोधही आहे, आणि विरोध करणाऱ्यांत २००९ मध्ये ज्यांची मोटारसायकल गेली ते गृहस्थ आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आहे.

सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, दार चार फुटांचं कशाला, माणसाला अडीच पुरे. नातवाच्या सायकलचं हँडल दीड फुटाचं आहे, तेव्हा अडीच त्यालाही पुरतील. मामांच्या घरी आता त्यांचा मुलगा दोन म्हशी ठेवून आहे आणि ती जुनी सायकल गोठ्यात उभी आहे. मी जाऊन टेप लावली. दोन्ही कॅन अडकवल्यावर ती सव्वातीन फूट भरते.